सातारच्या दारातून परतलेला मुलगा

प्रतिवर्षी मृग नक्षत्र लागले की आपल्या अल्लीपूरच्या परिसरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. शेतकरी आकाशाकडे डोळे लावून पावसाची वाट पाहतो. आणि ज्या घरात नुकतीच दहावी किंवा बारावी झालेले मूल असते, तेथे महाविद्यालयाच्या प्रवेशयादीची वाट पाहिली जाते. पाऊस आला म्हणजे तो साऱ्या शिवारावर सारखा पडतो. यादीचे तसे नसते. एकाच बाकावर वर्षभर बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाव तीत असते आणि दुसऱ्याचे नसते. ज्याचे नसते तो त्या दिवशी मागच्या वाटेने घरी येतो, भरल्या ताटावरून उठतो आणि कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. आईबापांसही काय बोलावे ते सुचत नाही. मग एकतर रागाचे शब्द बाहेर पडतात, नाहीतर घरात अशी शांतता पसरते की ती रागाहूनही अधिक बोचते.

अशा घरी वाचावे असे एक चरित्र आहे. चरित्रनायकाचे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचे संस्थापक, भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे छायाचित्र पुष्कळ शाळांच्या भिंतींवर असते. पांढरी दाढी, कृश देह आणि शांत मुद्रा पाहून आपणांस वाटते की, हा पुरुष जन्मतःच महर्षी असला पाहिजे. परंतु या छायाचित्रामागे एक सतरा वर्षांचा मुलगा उभा आहे. तो शंभर मैलांहून अधिक चालून परीक्षेच्या दाराशी पोहोचला आणि परीक्षेस न बसताच परत फिरला. आज त्या मुलाची ओळख करून घेऊ.

धोंडो याचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, त्याच्या आजोळी झाला. घर मात्र दापोली तालुक्यातील मुरुड येथे, अगदी समुद्रकाठी होते. वडील केशवपंत तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत. घरात मानी स्वभाव भरपूर होता, पैसा बेताचाच होता. मुलगा अंगाने किरकोळ, उंचीने ठेंगणा आणि स्वभावाने अतिशय लाजाळू. चारचौघांत बोलावयाचे म्हणजे त्याच्या जिवावर येई. मुरुडच्या शाळेत त्यास सोमण नावाचे एक चांगले गुरुजी लाभले. त्यांनी मुलांना केवळ पुस्तकातील धडे दिले नाहीत. गावाच्या उपयोगी पडावे ही गोडीही लावली.

त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा फार महत्त्वाची मानली जाई. ती उत्तीर्ण झालेल्या मुलास शाळेत शिक्षक म्हणून किंवा कचेरीत कारकून म्हणून नोकरी मिळण्याची वाट मोकळी होत असे. गरीब घरच्या मुलास तर संसार वर काढण्याचा तोच एक जिना होता. परंतु परीक्षा गावात होत नसे. 1875 साली धोंडो आणि त्याचे काही सोबती या परीक्षेसाठी साताऱ्यास जावयास निघाले. दिवस पावसाळ्याचे होते. मुरुडहून सातारा सुमारे 110 मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोनशे किलोमीटर. अल्लीपूरहून पायी नागपूर गाठावे आणि तसेच पायी परत यावे, जवळजवळ तेवढे हे अंतर. त्यातही आपली वाट सपाट रानातून जाते. त्यांच्या वाटेवर सह्याद्री आडवा उभा होता. मुसळधार पाऊस, निसरड्या पायवाटा, तुडुंब ओढे आणि घाटातील चढण यांतून ही मुले चालत राहिली आणि वेळेवर साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेस बसणाऱ्यांसाठी वयाची अट होती. धोंडोची सतरा वर्षे त्याच एप्रिलमध्ये पूर्ण झाली होती. नियमाप्रमाणे त्याचे काही चुकले नव्हते. परंतु परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे तो उभा राहिला तेव्हा त्यांस दिसली ती केवळ एका किरकोळ पोराची मूर्ती. हा मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यास परीक्षेस बसू देण्यात आले नाही. त्यास किती येते हे कोणी पाहिले नाही, एक प्रश्नही त्यास सोडवावयास मिळाला नाही. जी पावले आशेने इतका लांबचा पल्ला तुडवून आली होती, तीच पावले रित्या हाताने पुन्हा मुरुडकडे वळवावी लागली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जाताना आणि येताना मैल तेवढेच असतात. तथापि परतीच्या वाटेवर ते दुप्पट वाटतात. त्या दिवशी आपण अतिशय हताश झालो होतो, हे कर्व्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात लपविलेले नाही. मोठी माणसे दुःखी होत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. ज्या गोष्टीसाठी जिवापाड कष्ट केले ती हातची गेली, तर मन खचणे हे माणसाच्या मनाचे लक्षणच होय. म्हणून नाव यादीत न दिसल्यामुळे जो मुलगा किंवा मुलगी रडत असेल, त्यास रडू नको असे कोणी दरडावू नये. रडू ओसरण्यास थोडा अवधी लागतो. तो त्यास मिळू द्यावा.

परंतु धोंडो हताश झाला म्हणजे त्याने अभ्यास सोडला असे नव्हे. त्याने पुढे तीच परीक्षा पुन्हा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. सातारच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याविषयी जे ठरविले होते ते त्याच्या शरीराविषयी होते. त्याच्या बुद्धीचा निवाडा त्यांनी केलाच नव्हता. हा भेद लहान दिसतो, पण त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. दाराशी बसलेला मनुष्य आपल्या हातातील एकाच मापाने प्रत्येकास मोजतो. आज ते माप गुणांचे असते, कधी जागांच्या संख्येचे असते, कधी एखाद्या कागदाचे असते. त्या मापात न बसलेला विद्यार्थी त्या वर्षी, त्या जागेसाठी बसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण कशासच लायक नाही, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे वजनकाट्याने कापडाची लांबी मोजण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल की, कर्व्यांवर तर अन्याय झाला होता. आमच्या मुलास गुणच कमी पडले, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कर्व्यांच्या पुढच्या वर्षांत सापडते. इंग्रजी शिक्षणाची इच्छा असूनही ते त्यांस सलग मिळाले नाही. कोकणातून मुंबईस येऊन त्यांनी रॉबर्ट मनी स्कूल या मिशनच्या शाळेत नाव घातले. मॅट्रिकची परीक्षा ते 1881 साली उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे वय 23 वर्षांचे होते. बरोबरीची पुष्कळ मुले त्या वयात पदवी घेऊन नोकरीस लागलेली असत. कर्वे मात्र आपल्याहून धाकट्या मुलांच्या शेजारी बाकावर बसले आणि त्याची त्यांनी लाज बाळगली नाही. इतर मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी आपला खर्च भागविला. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले, तेव्हा त्यांस 26 वे वर्ष लागले होते. उशीर झाला खरा. परंतु ज्या मनुष्यास पुढे 104 वर्षांचे आयुष्य लाभावयाचे होते, त्याच्या हिशेबात त्या चार-सहा वर्षांचा तोटा तो कितीसा!

पदवीनंतर त्यांनी मुंबईतील शाळांतून गणित शिकविले. 1891 साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले आणि 1914 पर्यंत तेथे राहिले. ज्यास एकदा परीक्षेच्या दालनात पाऊल टाकू दिले नव्हते, तो आता इतरांच्या परीक्षा घेऊ लागला. परंतु ज्या वर्षी हे मानाचे स्थान मिळाले, त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई निवर्तल्या. कर्व्यांच्या आयुष्यात सुख आणि दुःख अशी वारंवार एकाच दाराने आत आलेली दिसतात.

पुनर्विवाहाचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी विधवेशीच विवाह करण्याचा निश्चय केला. लहानपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी त्यांच्याशी कर्व्यांचा विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढे साऱ्या आश्रमाने त्यांस बाया या नावाने ओळखले. या विवाहामुळे मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी काही करावे असे गुरुजींनी शिकविले होते, त्याच गावाने आपल्या पुत्रास दार बंद केले. सातारच्या परक्या अधिकाऱ्यांनी परत पाठविणे एक वेळ सोसवते. आपल्या माणसांनी पाठ फिरविणे फार जड जाते. कर्व्यांनी गावास शिव्याशाप दिले नाहीत आणि आपला मार्गही सोडला नाही.

त्यानंतरच्या त्यांच्या कार्याकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्यांच्यासाठी समाजाने दारे लावून घेतली होती, त्यांच्यासाठीच या पुरुषाने एकामागून एक दारे उघडली. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. 1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे नेला. त्या काळी ते माळरान होते. कॉलेजातील तास आटोपले की कर्वे शेतांतून आणि चिखलातून तुडवीत हिंगण्यास जात. आश्रमाची व्यवस्था पाहत, तेथील स्त्रियांस शिकवीत आणि पुन्हा पुण्यास परतत. सातारच्या वाटेवर चालण्याची जी सवय पायांस लागली होती, ती आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी कामी आली. 1907 साली महिला विद्यालय निघाले आणि विधवांबरोबर इतर मुलींसही शिक्षणाची सोय झाली.

या वेळेपर्यंत त्यांच्या ध्यानात आले होते की, शाळा काढून भागत नाही. मुलगी शाळेतून बाहेर पडली की पुढचे दार पुन्हा बंदच. त्या काळच्या विद्यापीठांतील शिक्षण इंग्रजी भाषेतून चाले, आणि घरच्या अडचणी, बालपणीच विवाह, मोडत मोडत झालेला अभ्यास यांमुळे फारच थोड्या मुली तेथवर पोहोचत. अशा वेळी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. 1915 साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष असताना त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि 1916 साली ती प्रत्यक्षात आणली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच! लोक हसले असतील तर नवल नाही. अट्ठावन्नाव्या वर्षी, नोकरीतून मोकळा झालेला एक अध्यापक पाच मुली घेऊन विद्यापीठ चालवावयास निघाला होता.

हसणाऱ्यांपेक्षाही मोठी अडचण अशी की, या विद्यापीठाच्या पदव्यांस सरकारची मान्यता नव्हती. म्हणजे जे दार इतरांसाठी उघडले, तेच पुन्हा दुसऱ्या एका दाराशी अडले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. तरीही कायद्याची मान्यता मिळण्यास देश स्वतंत्र होईपर्यंत थांबावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ कर्वे आणि त्यांचे सहकारी मान्यता नसलेल्या पदव्या देत राहिले, आणि मुली त्या घेण्यास येत राहिल्या. आज या विद्यापीठाचे नाव मुंबई आणि पुणे येथे सर्वतोमुखी आहे.

वय झाले म्हणून त्यांचे चालणे थांबले नाही. 1929 साली, वयाच्या 71 व्या वर्षी, ते जगाच्या प्रवासास निघाले. इंग्लंड, युरोपातील देश, अमेरिका आणि जपान येथे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या शिक्षणाविषयी व्याख्याने दिली. त्यानंतर आफ्रिकेचाही दौरा केला. चारचौघांत बोलण्यास लाजणारा मुरुडचा मुलगा आता देशोदेशींच्या सभांपुढे उभा राहत होता. 1936 साली, 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हत्या तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले. 1958 साली, वयास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, भारत सरकारने त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण केली. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

साताऱ्यास परत पाठविले म्हणूनच कर्वे मोठे झाले, असे आमचे म्हणणे नाही. नकाराने कोणी मोठा होत नाही. नाही तर जगात मोठ्या माणसांची दाटी झाली असती. परत फिरल्यावर मनुष्य काय करतो, यावर सारे ठरते. धोंडोने तीन गोष्टी केल्या. त्याने तीच परीक्षा पुन्हा दिली. वय पुढे गेले म्हणून मागच्या बाकावर बसण्याची लाज धरली नाही. आणि दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख काय असते हे जाणून, तो इतरांच्या उपयोगी पडला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अल्लीपूरच्या कोणत्याही मुलास किंवा मुलीस याच वर्षी करता येतील; तिसरीस थोडा वेळ लागेल.

आता पालकांस दोन शब्द. यादीत नाव नाही हे समजल्यानंतरचे दोन-चार दिवस फार नाजूक असतात. त्या दिवसांत शेजारच्या मुलाचे गुण मोजून दाखवू नयेत, खर्चाचा पाढा वाचू नये आणि पाहुण्यांपुढे विषय काढू नये. मुलास वेळेवर जेवू घालावे, त्याच्याजवळ बसावे, त्याने बोलावे म्हणून घाई करू नये. मन थोडे स्थिरावले की त्याच्याच सोबतीने पुढील वाटा पाहाव्यात. एका महाविद्यालयात जागा नसेल तर वर्धा, हिंगणघाट किंवा नागपूर येथे दुसरी असेल. पुढची फेरी असेल. पुरवणी परीक्षा असेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतन असेल. 1989 साली नाशिकास स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर घरी राहून, काम करीत शिकणाऱ्यांसाठीच आहे. निर्णय मात्र मुलास विचारून घ्यावा. ज्यास चालावयाचे आहे, त्यास वाट निवडू द्यावी. आणि एखादे मूल दिवसेंदिवस अन्नपाणी टाकीत असेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे सुचवीत असेल, तर त्यास एकटे सोडू नये. त्याच्या शिक्षकांस सांगावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. त्यात कमीपणा कसलाच नाही. वर्ष गेले तर पुन्हा येते. लेकरू गेले तर येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपण कापूस पिकविणाऱ्या मुलखात राहतो. दुबार पेरणी म्हणजे काय, हे आपणांस कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पहिल्या पावसाने हुलकावणी दिली म्हणजे पेरलेले बी मातीतच करपून जाते. बापाच्या कपाळावर आठ्या पडतात, आई डब्यातले पैसे मोजते. पुन्हा बियाणे आणावे लागते, पुन्हा कष्ट पडतात, आणि तो खर्च खोटा नसतो. तरी कोणताही शेतकरी आपल्या शेतास नालायक म्हणून पडीक टाकीत नाही. काळी माती तीच असते, हात तेच असतात. तो पुन्हा तिफण जुंपतो. ज्यांचे नाव यंदा यादीत आले त्यांनी आपल्या मागे राहिलेल्या सोबत्याच्या घरी आवर्जून जावे, त्यास टाळू नये. आणि ज्यांचे आले नाही त्यांनी 1875 सालच्या पावसात साताऱ्याहून मुरुडकडे परतणाऱ्या त्या ठेंगण्या मुलाची आठवण ठेवावी. आपल्या पुढे अद्याप जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षांची वाट आहे, हे त्या मुलास त्या दिवशी ठाऊक नव्हते.